शेजाऱ्याशी सहा इंचांचा वाद

व्यापाऱ्याला गिऱ्हाईक बदलता येते, दलाल बदलता येतो, सुताचा पुरवठादारही बदलता येतो. शेजारी मात्र बदलता येत नाही. ज्या भिंतीला आपली भिंत टेकली आहे तिच्या पलीकडचा माणूस वीस-तीस वर्षे तोच राहतो, आणि त्याच्यानंतर त्याची मुले राहतात. म्हणून शेजाऱ्याशी होणाऱ्या जागेच्या किरकोळ वादाचा विचार आज आम्ही करणार आहोत. मोठ्या जमिनीचे दावे, वारसाहक्क, वाटणी हे विषय वेगळे. येथे प्रश्न आहे तो पत्र्याच्या पागोळ्यांचा, दुकानापुढच्या ओट्याचा, सामाईक भिंतीचा आणि चार-सहा इंचांच्या हद्दीचा.

असे एक प्रकरण आमच्या पेठेत मिटले. त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून नावे वगळून ते मांडतो. एका यंत्रमाग कारखानदाराने जुनी कौले काढून पत्रा टाकला. पत्रा शेजारच्या बोळावर नऊ इंच पुढे गेला. बोळ शेजारच्या भांडीवाल्याचा. पहिल्याच पावसात पागोळ्यांचे पाणी त्याच्या गोदामाच्या भिंतीवर पडू लागले आणि भिंतीला ओल आली. भांडीवाला बोलायला आला. बोलता बोलता त्याने आणखी एक गोष्ट काढली, ‘पत्र्याचे सोडा, तुमची भिंतच सहा इंच माझ्या जागेत आहे.’ भिंतीची लांबी ४० फूट. म्हणजे वाद २० चौरस फुटांचा, मीटरच्या हिशेबाने सुमारे १.८६ चौरस मीटर. आम्ही कापडवाले असल्याने आमच्या मापात सांगतो. ४४ इंच पन्ह्याचे पावणेदोन मीटर कापडही त्यात भरत नाही. पण तेवढ्यासाठी दोन घरांचे जाणे-येणे बंद झाले होते.

कारखानदाराने एक शहाणपण केले. ज्या गोष्टीबद्दल वाद नव्हता ती त्याने आधी दुरुस्त केली. पत्रा दुसऱ्याच्या जागेवर गेला आहे हे डोळ्यांना दिसत होते. त्यासाठी मोजणी नको, वकील नको. चार दिवसांत त्याने पत्रा कापला, कडेला पन्हळ बसवली आणि पाणी आपल्या बाजूच्या गटारात सोडले. हद्दीचा विषय त्याने त्यानंतर काढला. पुष्कळ लोक नेमके उलटे करतात. ‘आधी भिंतीचा निकाल लागू दे, मग पत्र्याचे पाहू’ असे म्हणतात. त्यामुळे जे चार दिवसांत सुटले असते तेही अडकून पडते, आणि शेजाऱ्याची भिंत दुसऱ्या पावसातही भिजते.

कागद काय सांगतो?

हद्दीचा प्रश्न निघाला की प्रत्येक जण घरपट्टीची पावती आणि विजेचे बिल काढतो. घरपट्टीची पावती म्हणजे पालिकेला कर भरल्याची पावती. मालकीचा किंवा हद्दीचा तो पुरावा नव्हे. पाहायचे ते खरेदीखत व त्यातील चतुःसीमा, आणि शहरात नगर भूमापन झालेले असेल तर मिळकत पत्रिका व नकाशा. मिळकत पत्रिकेवर क्षेत्र चौरस मीटरमध्ये असते. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. जुन्या खतांत हात आणि गज येतात. कापडाचा गज ३६ इंचांचा, हे आम्हाला पाठ आहे. पण खतातला गज तोच असेल असे समजू नये, कारण जमिनीचा व इमारतीचा गज गावोगाव निराळा होता. खत मोडीत असेल तर मोडीच्या जाणकाराकडून वाचून घ्यावे. मुहल्ल्यातील वडीलधाऱ्यांच्या आठवणीवर विसंबू नये.

एवढ्याने भागले नाही तर हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा. तो भूमि अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात, आणि मोठ्या शहरात नगर भूमापन अधिकाऱ्यांकडे होतो. फी भरावी लागते, घाईच्या मोजणीला ती जास्त असते. लगतच्या धारकांना नोटीस जाते. आमचा सल्ला असा, की नोटीस शेजाऱ्याच्या हातात पडण्यापूर्वी आपण स्वतः जाऊन सांगावे, ‘मोजणी मागवतो आहे, तुम्हीही हजर राहा.’ जमल्यास फी निम्मी-निम्मी वाटून घ्यावी. ज्या मोजणीला दोघांनी पैसे भरले, तिचा निकाल दोघांना मानावासा वाटतो. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते, तिच्यावरही वरिष्ठांकडे सुपर निमताना असते; पण सहा इंचांसाठी इतक्या पायऱ्या चढणाऱ्याने आपल्या खर्चाची वही एकदा उघडून पाहावी.

आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्या व्यापाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मोजणीच्या वेळी होणारा पंचनामा आणि जबाब मराठीत असतो, तोही कचेरीच्या मराठीत. ‘समजले, समजले’ म्हणत सही करू नये. मुलाला किंवा ओळखीच्या मास्तरांना सोबत ठेवावे, ओळ न् ओळ वाचून घ्यावी, आणि एखादी गोष्ट मान्य नसेल तर तसे तेथेच लिहून मग सही करावी.

आता मुख्य मुद्दा. शहरातील नगर भूमापनाचे नकाशे साधारणपणे १:५०० या प्रमाणावर असतात. म्हणजे नकाशावरचा १ मिलिमीटर हा जमिनीवर ५०० मिलिमीटर, जवळजवळ २० इंच. नकाशावरील रेघ अर्ध्या मिलिमीटरची धरली तरी ती रेघच जमिनीवर दहा इंच जाड होते. मग सहा इंचांचा वाद नकाशाने कसा सुटणार? तो त्या रेघेच्या जाडीतच बुडालेला असतो. आमच्या पेठेतील प्रकरणात हेच झाले. भूकरमापकाने खुणा केल्या, तेव्हा हद्दीची रेघ चौदा इंचांच्या जुन्या भिंतीच्या पोटातून गेली. कारखानदार पूर्ण खरा ठरला नाही आणि भांडीवालाही पूर्ण खोटा ठरला नाही.

मोजणी फुकट गेली असे कोणी म्हणेल, पण तसे नाही. वाद फूट-दोन फुटांचा असता तर मोजणीने तो उघड केला असता. मोजणीने सिद्ध केले ते एवढेच, की जे उरले आहे ते कोणत्याही कचेरीच्या कागदात नाही. ते दोन शेजाऱ्यांनी आपसात ठरवायचे आहे.

दीन काय सांगतो?

अशरा मुबश्शरापैकी हजरत सईद बिन जैद (रजि.) यांच्यावर एका स्त्रीने जमीन दाबल्याची फिर्याद मदीनेचा हाकिम मरवान याच्यापुढे नेली होती. हा प्रसंग बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. सईद (रजि.) यांनी उत्तर दिले ते असे, की जुलमाने वीतभर जमीन घेणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचे जोखड पडेल, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या तोंडून ऐकल्यावर मी असे कसे करीन? आणि त्यांनी ती जमीन सोडून दिली व फैसला अल्लाहवर सोपविला. लक्षात घ्यावे, हदीसमध्ये माप सांगितले आहे ते वीतभर. एकर नाही, बिघा नाही.

हजरत उम्मे सलमा (रजि.) यांची हदीस व्यापाऱ्याने तर कायम ध्यानात ठेवावी. तिचा आशय असा, की एखादा वादी बोलण्यात अधिक हुशार असेल आणि त्याचे ऐकून प्रेषितांनी (स.) त्याच्या बाजूने निर्णय दिला, पण हक्क दुसऱ्याचा असेल, तर घेणाऱ्याने आगीचा तुकडा घेतला. म्हणजे चांगला वकील करून दावा जिंकला तरी जागा हलाल होत नाही. त्या जागेत बसवलेल्या मागावरची कमाई कशी असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

शेजाऱ्याने आपल्या भिंतीत तुळई टेकवली तर त्याला अडवू नये, अशीही हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आहे. हंबली फकीह हा हक्क मानतात. हनफी व इतर बहुतेक फकीह ही चांगुलपणाची शिकवण मानतात आणि मालकाची परवानगी आवश्यक समजतात. पण ही हदीस भिंतीच्या मालकाला उद्देशून आहे. आमच्याकडे ती सांगतो तो खुंटी ठोकणारा, आणि तीही ठोकून झाल्यावर! शेजारी मुसलमान नसला म्हणून त्याचा हक्क कमी होत नाही. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांनी घरी बकरी कापली तेव्हा यहुदी शेजाऱ्याकडे वाटा गेला का, हे त्यांनी आधी विचारले होते.

कारखानदारांसाठी आणखी एक संदर्भ. उस्मानी सल्तनतीत १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहवर आधारित ‘मजल्ला’ हा कायदासंग्रह तयार झाला. त्यात शेजाऱ्याला होणाऱ्या ‘जरर-ए-फाहिश’चे, म्हणजे भारी नुकसानीचे, उदाहरण लोहाराच्या भट्टीचे आणि चक्कीचे दिले आहे. हातोड्याच्या ठोक्याने किंवा चक्कीच्या फिरण्याने शेजारची इमारत कमजोर होत असेल तर ते नुकसान दूर केले पाहिजे. भारतात हा संग्रह कायदा म्हणून चालत नाही. पण सामाईक भिंतीला लागून माग बसविणाऱ्याला यात सारे काही सांगितले आहे. माग भिंतीपासून सुटा ठेवावा, त्याचा पाया वेगळा करावा. शेजाऱ्याच्या भिंतीला तडा गेल्यावर पाया खणणे महाग पडते.

सुलह झाली, पण कागद?

सुलह तोंडी करून भागत नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार घ्या, ही सूर-ए-बकराची आज्ञा आपण खातेवहीत पाळतो. भिंतीच्या बाबतीत विसरतो. दोघे मित्र असतात तोवर तोंडी बोली चालते. मुले कारभार पाहू लागली की ‘अब्बांनी असे कबूल केलेच नव्हते’ सुरू होते.

आमच्या पेठेतील कागदात भिंत सामाईक मानली आहे. कोणालाही ती पाडून बांधायची असेल तर दोन महिने आधी कळवायचे. नवी भिंत कोठे येईल ते फुटांत लिहिले आहे. बोळाच्या बाजूला खिडकी काढायची नाही. आणि एक वाक्य वकिलाने मुद्दाम घातले. पन्हळीची दुरुस्ती करण्यासाठी कारखानदार बोळात येईल तो भांडीवाल्याच्या परवानगीने, हक्काने नव्हे. या एका वाक्याची किंमत मोठी आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे (वकील त्याला इझमेंट अॅक्ट म्हणतात) रस्ता, पाणी, उजेड यांचा वापर उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता वीस वर्षे झाला तर तो हक्क बनू शकतो. जागेचा ताबा मालकाविरुद्ध बारा वर्षे उघड राहिला तर मुदतीच्या कायद्याने मालकाचा दावाच बुडू शकतो. परवानगीच्या वापराला हे लागू होत नाही. म्हणून अशी लेखी परवानगी असली की देणाऱ्याची भीती जाते आणि तो मोकळ्या मनाने देतो. बरेच शेजारी कंजूषपणामुळे अडवत नाहीत, या भीतीने अडवतात.

शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीत हक्क देणारा-घेणारा लेख १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो. सुलहनाम्यात जागेची पट्टी इकडची तिकडे जात असेल तर साध्या कागदावर सह्या करून काही उपयोग नाही. या प्रकरणात वकिलाच्या सांगण्यावरून कागद दुय्यम निबंधकांकडे नोंदविला. जागा भाड्याची असेल तर भाडेकरूने हद्दीचा करार करू नये, मालकाला पुढे करावे. वक्फची असेल तर अधिकच जपावे. भाडेकरू किंवा मुतवल्ली आपल्या मर्जीने वक्फची इंचभर जागाही सोडून देऊ शकत नाही.

कोर्टाबद्दल थोडक्यात. शेजाऱ्याने कायद्याचा मार्ग सोडून ताबा हिसकावला तर १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. तेथे ‘पाहू, बोलू’ करत बसू नये. मारामारीची वेळ आली तर पूर्वी ज्याला १४५ चे प्रकरण म्हणत, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ खाली चालते. बाकीच्या बहुतेक भांडणांसाठी लोकअदालत बरी. दावा लावण्यापूर्वीही तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. तेथील तडजोड दिवाणी हुकूमनाम्यासारखी असते आणि तिच्यावर अपील नाही, म्हणून तेथेही वाचल्याशिवाय सही करू नये.

सुलहसाठी माणसे किती न्यावीत? आमच्या मते दोघे पुरे. एक आपल्या बाजूचा आणि एक असा, ज्याला शेजारीही मानतो. दहा जण घेऊन गेलात की पत्र्याचा वाद चौकात येतो, आणि चौकात आला की तो मुहल्ल्याचा होतो. शेजारी दुसऱ्या समाजाचा असेल तर हे शंभर वेळा ध्यानात ठेवावे. पागोळ्यांशी ज्यांचा काही संबंध नाही अशी माणसे त्यात शिरतात, आणि मग दोन्ही दुकानांना कुलपे लागतात. आमच्या प्रकरणात एक निवृत्त मास्तर आणि बाजारातील एक जुना सोनार असे दोघेच बसले होते. तीन बैठका झाल्या, तिन्ही दुकान बंद झाल्यावर, भांडीवाल्याच्याच गोदामात.

तिसऱ्या बैठकीत सोनाराने विचारले, पन्हळीत पाला आणि सुताची रुई साचून ती तुंबली तर पाणी पुन्हा बोळात येणार, तिची सफाई कोण करणार? हे कोणाच्याच डोक्यात नव्हते. मग कागदावर शेवटचे कलम वाढविले, की दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस कारखानदाराने स्वखर्चाने पन्हळ साफ करावी, आणि त्या दिवशी भांडीवाल्याने बोळाचे दार उघडून द्यावे.