ज्यांच्या पितृकुळाची नोंद सापडली नाही

अभ्यासासाठी शास्त्रभाग : एज्रा २:५९–६३, नहेम्या ७:६१–६५

बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांची यादी एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. नावांमागून नावे येत असल्यामुळे आपण हा अध्याय बहुधा भरभर वाचून संपवितो. परंतु ५९ व्या वचनापाशी क्षणभर थांबावे. तेल-मेलह, तेल-हर्षा इत्यादी ठिकाणांहून आलेल्या काही लोकांना आपले पितृकुळ कोणते हे सांगता येईना. तरीही त्यांना यादीतून वगळलेले नाही. ते कोठून आले व किती होते हे लिहून ठेवले आहे. एज्रा त्यांची संख्या ६५२ देतो, तर नहेम्याच्या सातव्या अध्यायात तीच यादी पुन्हा येते तेव्हा हा आकडा ६४२ होतो. पुढच्याच वचनात बर्जिल्ल्याच्या मुलीशी विवाह करून सासरकडचे नाव धारण करणारा एक याजक भेटतो. त्याच्या वंशजांनी आपली नोंद शोधली, पण ती सापडली नाही. आपले पूर्वज शोधू पाहणाऱ्यास ज्या अडचणी येतात, त्यांपैकी बहुतेक सर्व या पाच वचनांत आहेत.

हा अभ्यास मला सुचला तो बंगळुरात. माझी भाची नोकरीनिमित्त तेथे बेळ्ळंदूर भागात राहते. एके काळी तळ्याकाठी वसलेले हे शेतकऱ्यांचे गाव. आज तेथे बहुमजली इमारती व संगणक कंपन्यांची कार्यालये आहेत. गतवर्षी मी तिच्याकडे गेलो असता तिच्या मुलास शाळेतून वंशवृक्ष काढून आणावयास सांगितले होते. वडिलांकडची बाजू लवकर भरली. आईकडच्या बाजूस एका चौकटीपाशी पेन्सिल थांबली, आणि भाचीने विचारले, "मामा, आईची आजी मूळची कुठली हो?"

आईची आजी म्हणजे माझीही आजी, माझ्या वडिलांची आई. तिच्याविषयी आमच्या घरात दोनच वाक्ये चालत आली होती. ती छप्पनच्या दुष्काळात आली. आणि तिला कोणी नव्हते. छप्पन म्हणजे १८५६, असे आम्ही सर्व धरून चाललो होतो. माझ्या वडिलांचा जन्म १९१५ चा. १८५६ साली आलेल्या मुलीस १९१५ साली मूल कसे होईल, हा साधा हिशेब दोन पिढ्यांत कोणी केला नव्हता, मीही नाही, आणि मी शाळेत गणित शिकविले आहे!

ते छप्पन विक्रम संवताचे होते. संवत् १९५६ म्हणजे इसवी सन १८९९–१९००. त्या वर्षीच्या भीषण दुष्काळास गुजरात व राजस्थानात छप्पनियो म्हणतात. नगर-पुण्याकडच्या घरात वर्ष सांगावयाचे झाले असते, तर शके १८२१ म्हटले गेले असते किंवा इसवी सन. मग आठवले की, आजी कांद्याला अखेरपर्यंत डुंगळी म्हणत असे आणि आम्ही मुले तिला हसत असू. तो गुजराती शब्द आहे. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, परंतु कोणत्या दिशेस पाहावे हे कळते.

आपल्या मंडळ्यांतील अनेक घराण्यांत अशी एखादी आजी आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने त्यांची सोय केडगाव येथे झाली. १९०० च्या सुमारास गुजरातेतूनही मुली तेथे आल्या. इतर मिशनांनीही आपापल्या आश्रमांत मुले घेतली. या मुली मराठी शिकल्या, शिक्षकांच्या व सुवार्तिकांच्या संसारात गेल्या, बायबलबाई झाल्या. नाव बदलले, आडनाव पतीचे आले, भाषाही बदलली. धागा तुटतो तो येथे.

याआधीच्या काळात कोकणातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांची स्थिती पाहा. त्यांचे नाव, बापाचे नाव, जात, गाव, जिल्हा, उंची, अंगावरील खुणा हे सर्व सरकारी वह्यांत उतरविले गेले. पुढे छायाचित्रेही काढली गेली. त्या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केल्या आहेत व त्यांचे पणतू त्या पाहून रत्नागिरी जिल्ह्यातील गाव शोधू शकतात. समुद्र ओलांडून गेलेल्याचा ठाव लागतो, कारण मळेवाल्यास मजुराचा हिशेब हवा होता. आगगाडीने दोन प्रांत ओलांडून आलेल्या मुलीचा असा हिशेब कोणास नको होता.

जनगणनेचे कागद पाहावेत, असे पुष्कळजण सुचवितात. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनंतर व अमेरिकेत ७२ वर्षांनंतर जनगणनेतील नावानिशी नोंदी सर्वांस खुल्या होतात. आपल्याकडे जुन्या जनगणनांचे आकडे छापले गेले, पण नावांचे मूळ तक्ते ठेवले गेले नाहीत. तेथे वेळ दवडू नये. जमिनीची कागदपत्रे मात्र फार बोलकी असतात. फेरफाराच्या वहीत वारसांची नावे ओळीने लागतात. गावच्या कोतवालबुकात जन्ममृत्यू व जात मिळते. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा या जीर्ण दप्तरांचे व मोडी वाचणाऱ्यांचे मोल सर्वांस एकदम कळले. सीमाभागात हेळवी घरोघर येऊन कुळी वाचतात. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नामावळ्या असतात. आपले पूर्वज ख्रिस्ती होण्याआधीच्या पिढ्या तेथे सापडू शकतात, म्हणून तेथे विचारण्यास संकोच करू नये. परंतु हे सर्व गाव ठाऊक असलेल्यासाठी. ज्याला जमीन नाही व गाव माहीत नाही, त्याच्यासाठी उरते ती मंडळीची नोंदवही.

या वहीतील सर्वांत उपयोगी पान विवाहाचे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने विवाहनोंदीचा नमुना ठरवून दिला : वधूवरांची नावे, वय, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण, दोघांच्या बापांची नावे आणि साक्षीदारांच्या सह्या. नोंदीची प्रत वर सरकारी निबंधकाकडे जात असे, म्हणून मंडळीची वही वाळवीने खाल्ली तरी आशा सोडू नये. बाप्तिस्म्याची नोंद पाहताना नावावर विसंबू नये. मिशनच्या शाळांत देणगीदाराने सुचविलेले नाव मुलास देण्याची चाल सिलोनातील अमेरिकन मिशनमध्ये तर उघड होती.

आजीच्या विवाहाच्या नोंदीची टंकलिखित प्रत आम्हांस प्रथम मिळाली. तीत वधूच्या बापाच्या नावापुढे "अज्ञात" असे होते. पुण्याजवळच्या त्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी कृपा करून मूळ वही काढून दाखविली. तेथे ती जागा नुसती रिकामी होती. "अज्ञात" हा शब्द प्रत करणाऱ्याने भरला होता. रिकामी जागा व अज्ञात बाप यांत मोठे अंतर आहे : एकात कोणी विचारले नाही, दुसऱ्यात विचारून उत्तर मिळाले नाही. ६५२ चे ६४२ कसे होतात, हे मला त्या दिवशी त्या टेबलाशी उमगले.

मूळ वहीत आणखी एक गोष्ट होती, जी प्रत करणाऱ्याने अनावश्यक समजून गाळली होती. साक्षीदारांत एका स्त्रीचा अंगठा होता. तेच नाव माझ्या वडिलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत व पुढे आत्याच्या नोंदीतही आढळले. नात्यातली नाही, शेजारची नाही, मग ही कोण? पूर्वजाचा माग लागेनासा झाला की त्याच्याभोवतीच्या माणसांचा माग काढावा, हा या शोधातला मला सापडलेला एकमेव खरा उपाय. स्थलांतर करणारा माणूस क्वचितच एकटा निघतो. त्या बाईंच्या दफनाच्या नोंदीवरून त्यांचे घराणे सापडले. त्यांच्या नातवाने सांगितले की, त्यांच्या आजीबरोबर दुसरी एक लहान मुलगी आश्रमात आली होती, दोघी दाहोदच्या बाजूच्या, आणि दोघींनी एकमेकींस बहीण मानले होते. दाहोद तेव्हा पंचमहाल जिल्ह्यात होते. छप्पनियोचा तडाखा त्या जिल्ह्यास फार जबर बसला होता.

ही ऐकीव गोष्ट आहे, लेखी पुरावा नव्हे. मिशनांचे वार्षिक अहवाल व पत्रव्यवहार अजून पाहावयाचे आहेत. बंगळुरातील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजच्या अभिलेखागारात मिशनांची बरीच कागदपत्रे आहेत. अमेरिकन मराठी मिशनची मूळ पत्रे हार्वर्ड विद्यापीठात आहेत. १८४२ पासूनच्या ज्ञानोदयाच्या अंकांत विवाहाच्या व निधनाच्या वार्ता असत, त्याही चाळावयाच्या आहेत. बेळ्ळंदूरहून कॉलेज फार लांब नाही, असे भाची म्हणते. बंगळुरातील रहदारीचा तिला माझ्याहून अधिक अनुभव आहे, म्हणून मी वाद घातला नाही.

तिच्या स्वतःच्या घराचा विचार करता मात्र मला थोडी काळजी वाटली. तिचा विवाह पुण्यास मराठी नोंदवहीत, मुलाचा बाप्तिस्मा बंगळुरास इंग्रजी नोंदवहीत, आणि घर भाड्याचे, म्हणजे बेळ्ळंदूरच्या कन्नड जमीन-दप्तरात त्यांचे नाव येणारच नाही. शंभर वर्षांनी कोणी शोधू लागल्यास त्याला दोन राज्ये व तीन भाषा पालथ्या घालाव्या लागतील. तिने तेथील पाळकसाहेबांस विनंती करून मुलाच्या नोंदीच्या समासात आईवडिलांची मूळ गावे लिहवून घेतली आहेत.

वंशवृक्षातील ती चौकट मुलाने भरली. आजीच्या नावाखाली त्याने पेन्सिलीने दाहोद असे लिहिले व पुढे प्रश्नचिन्ह काढले. शाईने कधी लिहावयाचे, असे त्याने मला विचारले. अहवाल पाहून झाल्यावर, असे मी सांगितले आहे.