नदीवर जाळे टाकणारा कोळी

(अभ्यासपाठ. वाचन: ईयोब ८:१३-१५, ईयोब ४२:७, उत्पत्ति २:१९-२०)

एका खेड्यातील उपदेशकबंधूंनी आम्हांस एक प्रश्न लिहून पाठविला आहे. ते रविवारच्या सभेत ईयोबाच्या ग्रंथाचा आठवा अध्याय समजावून देत होते. देवाला विसरणाऱ्या मनुष्याचा भरवसा कोळ्याच्या जाळ्यासारखा ठरतो, असे त्यांनी सांगताच हायस्कुलात शिकणारा एक मुलगा उठून म्हणाला, "मास्तर, कोळ्याचा धागा पोलादाहून चिवट असतो असे आमच्या शाळेत शिकविले. मग शाळा खोटी की शास्त्र खोटे?" बंधूंनी त्याला खाली बसविले, परंतु घरी गेल्यावर त्यांना चैन पडेना. मुलाला आपण गप्प केले, उत्तर दिले नाही, हे त्यांच्या मनाला लागले. त्यांच्या ह्या प्रामाणिकपणाबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहो, आणि ह्या पाठात त्या मुलाच्याच प्रश्नाचा विचार करितो.

प्रथम शाळेची बाजू ऐकू. आफ्रिका खंडाच्या पूर्वेस हिंदी महासागरात मादागास्कर नावाचे मोठे बेट आहे. मंडळीच्या इतिहासात हे नाव आदराने घेतले जाते. १८३५ साली तेथील मलागासी भाषेत संपूर्ण पवित्र शास्त्र छापून झाले, आणि १८३७ साली रासालामा नावाच्या भगिनीने प्रभूच्या नावासाठी तेथे आपला प्राण दिला. ह्या बेटाच्या पूर्व भागात दाट व सदा ओली अरण्ये आहेत. तेथील आंदासिबे व रानोमाफाना ह्या राखीव अरण्यांत स्लोव्हेनियाचे मात्याझ कुंत्नर आणि आइसलंडचे इंगी आग्नारसन ह्या दोघा अभ्यासकांना कोळ्याची एक जात आढळली. शास्त्रीय ग्रंथांत तोवर तिची नोंद नव्हती. तिचे वर्णन त्यांनी २०१० साली प्रसिद्ध केले.

हा कोळी काही अजस्र प्राणी नव्हे. मादीचे शरीर पाऊण इंचाच्या आसपास असते; नर तर तिच्या मानाने फारच लहान. रंग झाडाच्या सालीसारखा, त्यामुळे ती फांदीवर निश्चल बसली तर डोळ्यांस दिसतही नाही. परंतु तिचे जाळे पाहावे! नदीच्या किंवा ओढ्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत तिचा मुख्य धागा गेलेला असतो. त्याची लांबी २५ मीटरपर्यंत, म्हणजे ऐंशी फुटांच्या घरात, भरलेली आहे. त्या धाग्याखाली वाहत्या पाण्यावर जे वाटोळे जाळे टांगलेले असते, त्याचा विस्तार मोठ्यात मोठा २.८ चौरस मीटर मोजला आहे. आपल्या घराच्या दारात ते मावणार नाही.

मग पोहता न येणारा व पंख नसलेला हा जीव नदीपार धागा नेतो कसा? मादी काठावरच्या झाडावर बसून पुष्कळसा धागा वाऱ्यावर सोडते. वारा तो पाण्यावरून वाहून नेतो व पलीकडच्या एखाद्या फांदीत अडकवितो. मग ती त्यावरून जाऊन त्याला आणखी धाग्यांची बळकटी आणिते, आणि नंतर त्याच्याखाली जाळे विणते. पाण्यातून वर निघून थोडाच काळ उडणारे किडे त्यात सापडतात. एका जाळ्यात असे ३२ किडे मोजले गेले. आपल्या भाषेत मासे धरणाऱ्यालाही कोळी म्हणतात आणि ह्या अष्टपाद प्राण्यालाही कोळीच म्हणतात. नदीवर जाळे टाकणाऱ्या ह्या कोळ्याला ते नाव दोन्ही अर्थांनी शोभते.

आता धाग्याविषयी. अमेरिकेतील अ‍ॅक्रन विद्यापीठात तो ताणून तपासण्यात आला. पोलादाची तार बळकट खरी, पण ती फारशी ताणली जात नाही; ओढ मर्यादेबाहेर गेली की तुटते. हा धागा बळकटही आहे आणि ताणलाही जातो, म्हणून उडत्या किड्याचा धक्का तो आपल्यात जिरवून घेतो. ह्या गुणाला चिवटपणा म्हणतात. बंदुकीची गोळी अडविणाऱ्या अंगरख्यांत केव्हलार नावाचा कृत्रिम धागा वापरितात; सारखेच माप घेतले तर कोळ्याचा हा धागा त्याहून दहापटींपेक्षा अधिक चिवट भरला. तेव्हा शाळा खोटे बोलली नाही.

येथे नावाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ह्या जातीचे शास्त्रीय नाव कायरोस्ट्रिस डार्विनाय असे आहे. चार्ल्स डार्विन ह्यांचा जातींच्या उगमावरील ग्रंथ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झाला. त्यास दीडशे वर्षे पुरी झाली त्याच दिवशी ह्या कोळ्याचे वर्णन सिद्ध झाले, म्हणून हे नाव. आमच्यातील काही बंधू हे नाव ऐकताच कान झाकून घेतात. त्यांनी एवढे पाहावे की, नवी जात ठरविण्यासाठी किती श्रम पडतात. तिच्या जवळच्या सर्व ज्ञात जातींशी तिचा एकेक अवयव सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ताडून पाहावा लागतो. मग नमुने संग्रहालयात ठेवितात; ते अशासाठी की, आपण म्हणतो ते खरे की नाही हे पुढे कोणालाही तपासता यावे. परमेश्वराने प्राणी आदामापुढे आणिले आणि त्यांना नावे ठेवण्याचे काम त्याच्यावर सोपविले. ते काम अद्याप संपलेले नाही, आणि ते खरेपणाने करणाऱ्याला आपण भ्यावे असे काही नाही.

आता शास्त्राची बाजू. बिल्ददाचे बोलणे पंधराव्या वचनापर्यंत वाचा. तो म्हणतो की, असा मनुष्य आपल्या घरावर टेकेल, पण ते घर उभे राहणार नाही. धाग्याची परीक्षा तेथे चाललेली नाही. टेकणाऱ्या मनुष्याची चाललेली आहे. मादागास्करचा तो धागा सारख्या मापात कितीही चिवट असला, तरी तो आपल्या केसाहून पुष्कळ बारीक असतो. कोळ्याला तो पुरतो, कारण देवाने तो कोळ्याच्या भाराला पुरेसा केला आहे. त्याच्या आधाराने मनुष्य नदी ओलांडू गेला तर बुडेल. त्यात दोष धाग्याचा नाही. आपले शेत, आपली नोकरी, आपले आप्त, मिशनचा आधार, हे सर्व आपापल्या कामापुरते चांगले धागे आहेत. देवाने दिले म्हणून त्यांचे उपकार मानावे. परंतु आत्म्याचा सारा भार त्यांच्यावर टाकू नये. शाळाही खरी आणि शास्त्रही खरे.

परंतु पाठ येथे संपत नाही. हा दृष्टांत कोणी कोणाला सांगितला? बिल्ददाने ईयोबाला, आणि तोही ईयोबाची मुले नुकतीच मेली असताना. दृष्टांत खरा होता. पण तो चुकीच्या मनुष्याच्या तोंडावर मारिला गेला. म्हणूनच शेवटी परमेश्वराचा क्रोध त्या मित्रांवर झाला. आम्ही उपदेशक व पाळक हीच चूक किती वेळा करितो! कोणाचे मूल दगावते, कोणाचे पीक बुडते, आणि आम्ही त्याच्या ओसरीवर बसून त्याचा विश्वास कच्चा होता असे त्याला सुचवितो. त्या वेळी आमची वचने बरोबर असतात, आणि आम्ही स्वतः बिल्दद असतो.

म्हणून त्या बंधूंना आमची विनंती आहे की, येत्या रविवारी त्या मुलाला सर्वांसमक्ष जवळ बोलवा. त्याला सांगा, "बाळ, तुझा प्रश्न चांगला होता, त्या दिवशी मला उत्तर येत नव्हते." मग हा पाठ त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या. गप्प बसविलेला मुलगा मंडळीपासून दूर जातो. ज्याचे ऐकून घेतले जाते, तो उद्या तुमच्याबरोबर शास्त्र उघडून बसेल.

विचारासाठी प्रश्न:
१. ज्या चांगल्या गोष्टींवर आपण त्यांच्या शक्तीबाहेर भार टाकितो, अशा दोन कोणत्या?
२. बिल्ददाचे बोलणे खरे असूनही परमेश्वर त्याच्यावर का कोपला?
३. गेल्या वर्षभरात मंडळीतील कोणाचा प्रश्न आपण उत्तर न देता दाबून टाकिला? त्याच्याकडे ह्या आठवड्यात कोण जाईल?