नेपियरचा मुरघास: गूळ किती, भरडा किती, खर्च किती?

मक्याच्या मुरघासाची कृती बारामती-इंदापूरच्या गोठ्यांत आता तोंडपाठ आहे. टनाला दोन किलो गूळ, किलो-किलो मीठ आणि खनिज मिश्रण, जमलं तर लिटरभर ताक. हीच कृती नेपियरला लावली की बॅग उघडल्यावर कुजका वास येतो आणि गाय तोंड फिरवते. दोष बॅगेला दिला जातो. खरं तर मक्याच्या ताटात साखर असते, कणसात पीठ असतं; कोवळ्या नेपियरमध्ये, म्हणजे हत्ती गवतात, साखर थोडी आणि पाणी शेकडा 80. आम्ल करणाऱ्या जिवाणूंची उपासमार झाली की सामू 4.2 पर्यंत उतरत नाही आणि सडवणारे जिवाणू मोकाट सुटतात.

आता हिशेब. गूळ 40 आणि मका भरडा 24 रुपये किलो धरलाय. तुमच्या बाजारात असेल तो भाव घाला.

टनभर हिरव्या नेपियरमध्ये कोरडा भाग 200 किलोच. मुरघासाला तो शेकडा 30 च्या आसपास हवा. नुसता भरडा मिसळून तिथवर जायचं तर टनाला 172 किलो लागतो, म्हणजे 4,100 रुपये! हेच काम ऊन करतं. गवत कापून दिवस-दीड दिवस रानातच पडू द्या, एकदा पालथं करा, मग कुट्टी. टनाचे साधारण 670 किलो भरतील. खर्च फक्त पालथं करायच्या मजुरीचा. कुट्टी मुठीत घट्ट दाबा. पाणी ठिबकलं तर अजून सुकवा. मूठ सोडल्यावर गोळा हळूहळू उलगडला की भरायला घ्या.

सुकवल्यानंतर गूळ शेकडा दोन, म्हणजे 670 किलोला 13-14 किलो, साडेपाचशे रुपयांचा. तो थोड्याच पाण्यात विरघळवा आणि थरागणिक शिंपडा. इथे काटकसर नको.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे कारखाने उशाशी असताना मळी का नको, असं कोणीही विचारेल. मळी उत्तमच, पण तिच्यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे. मिळेल का, कशी मिळेल, हे आधी विचारून घ्या. शिवाय मळीत साखर जेमतेम निम्मी असते. 40 च्या गुळापुढे ती किलोला 22 रुपयांच्या आत पडली तरच परवडते.

पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा टनाला 50 किलो भरडा आणि 20 किलो गूळ घाला. खर्च दोन हजार. पाणी तरीही 75-76 टक्क्यांवरच राहतं, पण जिवाणूंना खायला मिळतं आणि रस कमी गळतो. भरड्याचा पैसा निम्मा-अधिक वसूल होतो, कारण तेवढं खुराकातून कमी करता येतं. माझं मत विचाराल तर श्रावणात नेपियर हिरवंच घाला आणि मुरघास ऑक्टोबरच्या उन्हात करा.

चुणी आणि पेंड स्वस्त मिळाली तरी बॅगेत नको. त्यातली प्रथिनं आम्ल शोषून घेतात, सामू उतरायला वेळ लागतो. त्या गव्हाणीतच बऱ्या. गुऱ्हाळाचं चिपाड पाणी शोषतं खरं, पण ते जनावराला फारसं पचत नाही. उसाच्या वाढ्यात साखर आहे, पण ऑक्झलेटही आहे, आणि ते नेपियरमध्येही असतं. दोन्ही एकत्र घातलीत तर दुभत्या गाईचं कॅल्शियम सांभाळा, खनिज मिश्रण चुकवू नका.

पहिल्यांदा एकच बॅग भरा. तुडवून हवा काढा, तोंड घट्ट बांधा, उंदरांपासून जपा. 45 दिवसांनी उघडल्यावर रंग पिवळसर हिरवा आणि वास आंबट हवा. बुरशी आलेला भाग फेकून द्या, गाभण गाईला तर अजिबात दाखवू नका.