सदाफुली

मोगरा उन्हाळ्यात बहरतो, प्राजक्त पावसाळ्याच्या अखेरीस अंगणात सडा घालतो आणि शेवंती थंडीची वाट पाहते. सदाफुली मात्र कोणत्याच ऋतूची वाट पाहत नाही. वर्षाचे बाराही महिने तिच्यावर एखादे तरी फूल असतेच. म्हणून लोकांनी तिला हे सार्थ नाव दिले. तिच्या फुलाला मोगऱ्याचा सुगंध नाही की शेवंतीचा डौल नाही. गजऱ्यात तिला कोणी गुंफीत नाही. जे सहज मिळते त्याकडे माणसाचे लक्ष जात नाही. सदाफुलीचेही तसेच झाले आहे. परंतु या साध्या झुडपाने जगातील असंख्य रोग्यांना, विशेषतः लहान मुलांना, जीवदान दिले आहे.

अशा झुडपाला फार मोठी जागा लागत नाही. मुंबईतील वरळीच्या बीडीडी चाळींसारख्या ठिकाणीही ते सुखाने वाढते. १९२० साली त्या वेळच्या सरकारने शहरातील घरांची टंचाई दूर करण्यासाठी ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ नावाचे खाते स्थापन केले. त्या नावाच्या आद्याक्षरांवरून या चाळी बीडीडी म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. एकट्या वरळीत अशा १२१ इमारती उभ्या राहिल्या. तळमजला आणि त्यावर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधोमध लांब बोळ, आणि बोळाच्या दोन्ही अंगांना एकेका खोलीची घरे, अशी त्यांची रचना. खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट. गिरण्यांत राबणारी कितीतरी कुटुंबे अशा एकेका खोलीत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. अशा घरात बाग कोठून असणार? परंतु प्रत्येक खोलीला खिडकी असते, खिडकीतून ऊन येते, आणि तेलाचा रिकामा डबा कोणत्याही घरात मिळतो. सदाफुलीला एवढे पुरेसे आहे.

हे झुडूप मूळचे आपल्या देशातील नाही. आफ्रिका खंडाच्या आग्नेय किनाऱ्यापलीकडे हिंदी महासागरात मादागास्कर नावाचे विशाल बेट आहे. तेच सदाफुलीचे माहेर. तेथून ती जहाजांबरोबर जगातील बहुतेक उष्ण प्रदेशांत पोचली आणि जेथे गेली तेथलीच होऊन राहिली. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला ‘कॅथरॅन्थस रोझिअस’ म्हणतात. आपल्या ओळखीची कण्हेर आणि चाफा ही तिच्याच कुळातील झाडे होत.

सदाफुलीचे झुडूप दोन-तीन फूट उंच वाढते. पाने समोरासमोर जोडीने येतात. ती गडद हिरवी व तुकतुकीत असून त्यांच्या मधोमध फिकट शीर उठून दिसते. फुलाला पाच पाकळ्या असतात. रंग गुलाबी किंवा पांढरा असतो. काही पांढऱ्या फुलांच्या मध्यभागी तांबडा ठिपका असतो. पाकळ्यांच्या खाली बारीक नळी असते. तिच्या तळाशी असलेला मध लांब सोंडेच्या फुलपाखरांनाच मिळतो. फूल गळल्यावर त्या जागी बारीक शेंगांची जोडी धरते. शेंग पिकून तपकिरी होऊ लागली की ती उकलण्यापूर्वीच तोडावी. नाही तर आतील काळे, बारीक बी वाऱ्यावर विखुरते आणि पुढे भिंतीच्या एखाद्या भेगेत उगवलेले आढळते.

सदाफुली लावण्याची रीत सोपी आहे. मात्र तिच्यामागील कारणे समजून घेतली पाहिजेत. प्रथम डब्याच्या तळाला खिळ्याने चार-पाच भोके पाडावीत आणि त्यांवर खापरीचे तुकडे ठेवावेत. त्यामुळे माती वाहून जात नाही आणि जास्तीचे पाणी मात्र निघून जाते. दोन भाग तांबडी माती, एक भाग वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण या झाडाला मानवते. खत फार घालू नये. खत अधिक झाले की पाने माजतात आणि फुले कमी येतात.

मुंबईत पावसाळा ओसरल्यावर बी पेरणे सोयीचे पडते. बी मातीवर पसरून त्यावर मातीचा पातळ थर द्यावा, कारण हे बी अंधारात अधिक चांगले रुजते. एक-दोन आठवड्यांत अंकुर दिसू लागतात. रोपांना चार-सहा पाने फुटली की प्रत्येक रोप वेगळ्या डब्यात लावावे. रोप वीतभर वाढल्यावर त्याचा शेंडा खुडावा. शेंडा खुडल्याने झाडाचे नुकसान होत नाही. उलट बाजूने फांद्या फुटतात, झुडूप भरगच्च होते आणि फुलेही अधिक येतात.

सदाफुलीला दिवसातून पाच-सहा तास तरी ऊन हवे. खिडकीतील झाड उजेडाच्या बाजूलाच झुकत जाते; म्हणून दर आठवड्याला डबा थोडा फिरवून ठेवावा. पाणी घालण्यापूर्वी बोट मातीत खुपसून पाहावे. वरची माती कोरडी लागली तरच पाणी घालावे. सदाफुली तहान सहन करते. पण तिच्या मुळांना पाण्यात बुडून राहणे सहन होत नाही. म्हणूनच मुंबईचा धो-धो पाऊस हा तिचा खरा शत्रू. डब्यात पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही, बुरशी वाढते आणि मुळे कुजतात. अशा वेळी पाने मलूल होऊन खाली लोंबतात. पाण्यावाचून सुकलेले झाडही अगदी तसेच दिसते! माती न तपासता घाईने पाणी घालणारा माणूस प्रेमानेच आपल्या झाडाला मारतो. पाने लोंबली आणि माती ओली असली, तर पाणी बंद करून डबा पावसापासून आडोशाला ठेवणे हाच उपाय होय.

दिसते ते नीट तपासून पाहण्याची ही सवय झाड जगवण्यापुरती उपयोगाची नाही. सदाफुलीतील औषधाचा शोधही तिच्यामुळेच लागला.

अनेक देशांत लोक सदाफुलीच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. १९५२ साली वेस्ट इंडीजमधील जमेका बेटावरून तिची पंचवीस पाने एका पाकिटातून कॅनडातील डॉक्टर क्लार्क नोबल यांच्याकडे आली. त्यांनी ती आपले बंधू रॉबर्ट नोबल यांच्याकडे सोपवली. रॉबर्ट नोबल वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात संशोधन करीत होते. पानांच्या अर्काने रक्तातील साखर उतरते काय, हे त्यांनी उंदरांवर पाहिले. साखर काही उतरली नाही. पण अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. हा प्रयोग फसला असे म्हणून दुसरा कोणी तो सोडून देता. नोबल यांनी मात्र मरणाचे कारण शोधले. तेव्हा उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी फार घटल्या असल्याचे दिसून आले. या पेशी शरीरात शिरलेल्या जंतूंशी लढतात. त्या घटल्यामुळे उंदीर दुबळे झाले होते.

यातून एक नवा विचार पुढे आला. रक्ताच्या कर्करोगात रोगट पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. ज्या द्रव्याने पांढऱ्या पेशी घटतात, ते या रोगावर उपयोगी पडणार नाही काय? नोबल आणि त्यांचे सहकारी रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर यांनी पानांतून ते द्रव्य वेगळे काढले व १९५८ साली आपला शोध जाहीर केला. या द्रव्यास पुढे ‘व्हिनब्लास्टीन’ असे नाव मिळाले. त्याच सुमारास अमेरिकेतील एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोदा व त्यांचे सहकारी याच झाडाचा अभ्यास करीत होते. त्यांना ‘व्हिनक्रिस्टीन’ हे दुसरे द्रव्य सापडले. १९६३ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

ही औषधे कार्य कसे करतात? एका पेशीच्या दोन पेशी होताना तिच्या आत अतिसूक्ष्म नळ्यांची एक रचना तयार होते आणि तिच्या साहाय्याने पेशीतील द्रव्याची दोन सारखी वाटणी होते. सदाफुलीतील द्रव्ये ही रचना होऊ देत नाहीत. त्यामुळे भराभर वाढणाऱ्या रोगट पेशींची वाढ खुंटते. बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावर एके काळी जवळजवळ इलाजच नव्हता. आज व्हिनक्रिस्टीन आणि इतर औषधे एकत्र देऊन, वेळेवर पूर्ण उपचार केले, तर त्यांतील बहुतेक मुले बरी होतात. वरळीपासून जवळच, परळ येथे, १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून कर्करोगाचे रोगी तेथे येतात. चाळीच्या खिडकीतील फूल आणि त्या रुग्णालयातील औषधाची बाटली यांचे नाते असे जवळचे आहे.

मग घरचीच पाने तोडून खाल्ली तर चालणार नाही काय? असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर स्पष्ट आहे : मुळीच चालणार नाही. सदाफुलीचे झाड विषारी आहे. एक ग्रॅम व्हिनब्लास्टीन मिळवण्यासाठी सुमारे ५०० किलो सुकी पाने लागतात, आणि व्हिनक्रिस्टीनचे प्रमाण तर त्याहूनही कमी असते. म्हणून या पानांसाठी तामिळनाडूत तिची शेती केली जाते. रोग्यास व्हिनक्रिस्टीन एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमहून अधिक देत नाहीत. म्हणजे मिठाच्या चिमटीहूनही ते कमी असते. तेही केवळ शिरेतून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. एवढ्याशा मात्रेनेही बोटांना मुंग्या येतात, पोट बिघडते. पानांत मात्र अनेक तीव्र द्रव्ये एकत्र असतात आणि कोणत्या पानात ती किती आहेत हे डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे चघळलेल्या पानाने रोग बरा होत नाही. अपाय मात्र होऊ शकतो. मधुमेहासाठी ही पाने खाणाऱ्या आजोबा-आजींना घरातील मुलांनी ही गोष्ट आदराने समजावून सांगावी. लहान भावंडे व जनावरे यांच्यापासून झाड दूर ठेवावे आणि खुडणी झाल्यावर हात साबणाने धुवावेत. एकच वस्तू योग्य मात्रेत औषध ठरते आणि अयोग्य मात्रेत विष ठरते.

आता वरळीच्या जुन्या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. २०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यात पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. उंच इमारतीत वारा जोराचा असतो. तेथे कुंडी खिडकीच्या बाहेर ठेवणे म्हणजे खालून जाणाऱ्याचा जीव धोक्यात घालणे होय. ती नेहमी आतल्या बाजूस, भक्कम जागी ठेवावी. सामान हलवताना जुने डबे बहुधा मागेच राहतात. त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. पिकलेल्या दोन शेंगा कागदाच्या पुडीत बांधून नेल्या, तर चाळीतील सदाफुली चाळिसाव्या मजल्यावरही फुलेल. मात्र तेथेही पाणी घालण्यापूर्वी बोटाने माती तपासून पाहावी लागेल.

स्वाध्याय

१. सदाफुलीची पाने लोंबली असता पाणी घालण्यापूर्वी काय पाहावे? का?
२. रॉबर्ट नोबल यांना शोधायचे होते एक आणि सापडले दुसरेच. हे कसे घडले ते आपल्या शब्दांत लिहा.
३. सदाफुली औषधी असूनही तिची पाने का खाऊ नयेत?
४. ‘प्रेमानेच आपल्या झाडाला मारतो’ या शब्दांचा अर्थ स्पष्ट करा.
५. एका डब्यात सदाफुलीचे बी पेरा व रोपात दर आठवड्याला होणारे बदल वहीत टिपून ठेवा.