देणगी नको, बिल पाठव

अरे, तुझ्या ओपन सोर्स प्रोजेक्टला किती स्टार मिळाले ते राहू दे. तो कुठल्या कंपनीत रोज चालतो, ते आधी शोध. कोड मला कळत नाही, पण मी उभी नोकरी खरेदी खात्यात काढली आहे. कंपनीच्या खिशाला हात कुठून घालायचा, ते मावशीला विचार.

‘कॉफी पाजा’चं बटण लावलं आहेस ते असू दे, पण त्यावर विसंबू नकोस. एखाद्या मॅनेजरचं काम तुझ्यावाचून अडलं, तरी देणगी कुठल्या हेडखाली टाकायची हे त्याला अकाउंट्सवाले विचारणार. कोटेशन आणि बिल समोर आलं की तोच माणूस निमूट सही करतो. ओपनएसएसएल या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरचंच बघ. निम्मं इंटरनेट त्याच्या भरवशावर, आणि २०१४ साली त्यातल्या हार्टब्लीड नावाच्या चुकीचा गोंधळ झाला तेव्हा कळलं, की नुसत्या देणग्या वर्षाला २,००० डॉलरच्या आसपास यायच्या. गाडा चालायचा तो सपोर्टच्या करारांवर आणि कंत्राटी कामावर.

त्याहून गमतीचं म्हणजे एसक्यूलाइट हा डेटाबेस. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली काढलं, कॉपीराइटचा हक्कही सोडून दिला. कुणीही न्यावं, विचारायची गरज नाही. तरी ते त्याचा परवाना विकतात, आणि तोही काही हजार डॉलरला! कारण काही कंपन्यांच्या वकिलांना सही-शिक्क्याचा कागद हातात असल्याशिवाय चैन पडत नाही. मी असल्या वकिलांबरोबर काम केलंय, मला याचं जराही नवल वाटलं नाही.

सपोर्ट विकायचा तर कागदावर ‘दोन कामाच्या दिवसांत उत्तर देऊ’ असं लिही. ‘दुरुस्त करून देऊ’ असं चुकूनही लिहू नकोस. उत्तर तुझ्या हातात आहे, दुरुस्ती नाही, आणि दिवसा तुला नोकरीही आहे. दर वर्षाचा लाव. महिन्याच्या बारक्या बिलांचा कंपनीलाही कंटाळा असतो.

सपोर्टची कटकट नको असेल तर साइडकिकच्या माइक पेरहॅमसारखं कर: मूळ माल खुला, मोठ्यांना लागणाऱ्या जादा सोयी पैशाने. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअरही खुलंच आहे, स्वतः सर्व्हर सांभाळायचा नसेल तर त्यांना पैसे द्यायचे. मात्र आज खुलं दिलेलं उद्या कुलपात घालायचं नाही. हाशिकॉर्प कंपनीने २०२३ साली आपल्या टेराफॉर्म या सॉफ्टवेअरचा खुला परवाना बदलला आणि लोकांनी जुना कोड उचलून ओपनटोफू उभं केलं.

बाहेरच्यांचा कोड प्रोजेक्टमध्ये घेतोस ना? पुढे तोच कोड वेगळ्या परवान्यावर विकायचा विचार असेल, तर त्यांची लेखी संमती आत्ताच घे. नंतर ती माणसं सापडत नाहीत. आणि नोकरीचं अपॉइंटमेंट लेटर काढून वाच. बौद्धिक संपदेचं कलम असतंच. एचआरकडून लेखी परवानगी घे. चहा पिताना साहेब ‘चालेल रे’ म्हणाले, ती परवानगी नव्हे. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर एक ओळही लिहू नकोस.

निधीला अर्ज करायचा तर जरूर कर. झेरोधा कंपनीने २०२४ साली खुल्या सॉफ्टवेअरसाठी फ्लॉस फंड काढला, वर्षाला १० लाख डॉलरचा. पण तो मिळाला तर मिळाला. त्याच्या भरवशावर घराचा हप्ता ठरवायचा नाही.

परदेशातून पैसे आले की दर वेळी बँकेकडून रेमिटन्सचा दाखला मागून फाइलला लाव. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, तेव्हा सीएला मार्चमध्ये नाही, आत्ताच गाठ.

आणि पहिलं बिल पाठवण्याआधी मला दाखव. पैसे किती दिवसांत द्यायचे ते त्यावर लिहायला तू विसरणार, हे मला आत्ताच दिसतंय.