रेझिस्टर व कंडेन्सर यांची निवड

विजेचीं लहान उपकरणें स्वहस्तें जुळविण्याची हौस असणाऱ्या विद्यार्थ्यानें एक गोष्ट प्रथम ध्यानांत धरावी. रेझिस्टर असो वा कंडेन्सर, प्रत्येकास दोन मापें असतात. पहिलें त्याचें कार्य सांगतें, दुसरें त्याची सहनशक्ति. नवशिक्या पहिलें पाहतो आणि दुसरें विसरतो.

समजा, १२ व्होल्टांच्या ट्रान्सफॉर्मरचा उलटसुलट प्रवाह डायोडांनीं एका दिशेचा करून त्यावर तांबडा एलईडी लावावयाचा आहे. कंडेन्सर लाटेच्या शिखरापर्यंत भरतो, आणि शिखर १२ च्या १.४१४ पट, म्हणजे सुमारें १७ व्होल्ट असतें. डायोडांत थोडा दाब खर्च होतो खरा. परंतु भार हलका असतां ट्रान्सफॉर्मर नेमल्यापेक्षां अधिक दाब देतो. म्हणून १६ व्होल्टांचा कंडेन्सर न घेतां २५ व्होल्टांचा घ्यावा. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवर अधिक दाब पडल्यास, किंवा तो उलटा जोडल्यास, तो तापतो, फुगतो व प्रसंगीं फुटतो.

आतां रेझिस्टर. १७ पैकीं सुमारें २ व्होल्ट एलईडी घेतो. उरलेल्या १५ व्होल्टांस १० मिलिअँपिअर प्रवाह हवा असल्यास १५ भागिले ०.०१, म्हणजे १५०० ओहम रोध पाहिजे. उष्णता १५ गुणिले ०.०१, म्हणजे ०.१५ वॅट. पाव वॅटाचा रेझिस्टर चालेल. अर्ध्या वॅटाचा कमी तापेल.

कार्याचें माप गणितानें येईल तेवढेंच घ्यावें. सहनशक्तीचें मात्र त्याहून मोठें घ्यावें. त्यानें खर्च थोडाच वाढतो. परंतु तें लहान घेतल्यास उपकरणच नव्हे, तर त्यावर वांकून पाहणाऱ्याचे डोळेही धोक्यांत येतात.