आधी पानं मोजा, मग मांडव

प्रश्न : लेकीचं लग्न आहे. हाताशी 10 लाख. पुणे-नागपूरचे नातलग येणार आणि सोयऱ्यांना वरातही हवी. कुठे हात आखडावा?
– एक वाचक, इंद्रपुरी, भोपाळ

उत्तर : सुरुवात पाहुण्यांच्या यादीपासून करा. जेवण, हॉलचा आकार, खोल्या, आहेर, सगळं त्या आकड्यावर हलतं. ताट 700 रुपयांचं धरलं, तर 400 ऐवजी 250 माणसांत एका जेवणाचेच 1,05,000 वाचतात. फुलांची सजावट निम्मी करूनही एवढे सुटायचे नाहीत. देवउठनी एकादशीनंतरच्या गर्दीच्या तारखा टाळता आल्या, तर हॉलवाल्याशी घासाघीसही करता येते.

कायद्याला लागणारं लग्न तसं स्वस्तच! 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या 7 व्या कलमाप्रमाणे दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीचे विधी पुरतात. त्यात सप्तपदी असेल, तर सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. बँडचा उल्लेख कुठेच नाही. वरात हवी असेल, तर तो खर्च वरपक्षाचा, हे आजच गोडीत बोलून घ्या.

जेवणात मात्र कंजुषी नको. पदार्थ चार कमी ठेवा, पण गरम वाढा. रात्रभर प्रवास करून आलेल्यांना स्वच्छ खोली आणि सकाळी पोहे-जिलेबी द्या. फोटोवालाही चांगलाच घ्या. ड्रोन नसला तरी चालेल.

दागिन्यांचं सोनं राहतं, घडणावळ जाते. म्हणून नक्षी कमी. आणि कर्ज? माझ्या मते, एका दिवसासाठी मुळीच नको.